गव्हातली मीटरभर वाट: रेडिंगजवळच्या गोल फेऱ्यांचा नऊ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत सुरुवात केली आणि ऑक्टोबर संपता संपता हे लिहायला बसलेय. एकूण 23 फेऱ्या झाल्या. बऱ्याचशा नवऱ्याबरोबर, चार एकटीनं आणि दोन आईला घेऊन. फेरी म्हणजे इथे इंग्लंडात ज्याला सर्क्युलर वॉक म्हणतात ती. एखाद्या गावात चर्चपाशी गाडी लावायची, शेतांतून, रानातून, मध्ये दुसऱ्या एखाद्या गावातून पाच ते आठ मैल हिंडायचं आणि आल्या वाटेनं मागे न फिरता गाडीपाशी परत यायचं. आम्ही रेडिंगला राहतो, त्यामुळे आमचा मुलूख चिल्टर्न टेकड्यांची पश्चिम बाजू. कॉट्सवोल्ड्स या पर्यटकांच्या लाडक्या टेकड्यांकडे आम्हीही गेलो होतो, पण रविवारी तिथे पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात इथे अर्धी फेरी होते.

मी ट्रेकर वगैरे नाही. कॉलेजात राजगड-तोरणा केले तेवढेच. गडावर निदान पोचायचं कुठे ते माहीत असतं. इथे माथा नाही, बुरूज नाही, शेवटी हाताला लागते ती आपलीच गाडी. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर नवरा म्हणाला, "मग आपण गेलो होतो कुठे?" प्रश्न रास्त होता.

सामानात सगळ्यात कामाला आला तो कागदी नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-संस्थेचा एक्सप्लोरर 171, चिल्टर्न हिल्स वेस्ट. पंधरा पाउंडांच्या आत मिळाला. प्रमाण 1:25,000, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटर. शेताशेताचं कुंपण त्यात दिसतं. चर्चला मनोरा असेल तर काळ्या चौकोनावर क्रॉस, निमुळता कळस असेल तर काळ्या गोलावर क्रॉस, त्यामुळे झाडांवर डोकावणारं टोक बघून आपण कुठे आहोत ते कळतं. पायवाटा हिरव्या तुटक रेषांच्या: आखूड तुकडे म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट, लांब तुकडे म्हणजे घोडे आणि सायकलीही येणार. पहिल्याच दिवशी मी बारीक काळ्या रेषेला वाट समजले आणि अर्धा मैल चालून काटेरी झुडपांच्या भिंतीला नाक लावून उभी राहिले. ती काळी रेष म्हणजे शेताची हद्द. नवीन माणूस ही चूक हमखास करतो, म्हणून मुद्दाम सांगतेय.

नकाशाबरोबर फोनवर उतरवून घ्यायचा कोडही मिळतो, तो घ्याच. फुकटच्या एका अ‍ॅपवर मात्र आमचं चांगलंच हसं झालं. कुणीतरी स्वतःची फेरी नोंदवून टाकली होती, लांबी चौदा मैल. आम्ही घाबरून दुप्पट पोळ्यांचे रोल बांधून घेतले. निम्म्यात लक्षात आलं की गडी चालणं संपल्यावर रेकॉर्डिंग बंद करायला विसरला आणि तसाच गाडीनं घरी गेला. खरी फेरी सहा मैलांची. रोल दोन दिवस पुरले.

आता मला जे सगळ्यात मोलाचं वाटलं ते. मी शेतकऱ्याच्या घरची. वाईजवळ आमची जमीन आहे, आणि पाणंदीवरून अण्णांचं आणि शेजाऱ्याचं जे चाललं ते माझ्या शाळेपासून चाललंय. तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम 143 खाली वाटेसाठी अर्ज झाला, पंचनामा झाला, मोजणी झाली, आणि दर पेरणीला बांध वीतभर पुढे सरकतच राहिला. त्यामुळे पहिल्यांदा एका गेटवर पायवाटेची खूण असलेला पिवळा बाण पाहिला, आणि पलीकडे कुणाचं तरी उभं पीक, तेव्हा माझा पाय उचलेना. आता कुणीतरी ओरडणार असंच वाटत होतं. कुणी ओरडलं नाही. ट्रॅक्टरवरच्या माणसानं हात वर केला आणि तो पुढे गेला.

जमीन खाजगी, पण वाट सगळ्यांची. 1949 च्या कायद्यानं काउंटी कौन्सिलांना अशा वाटांचे नकाशे करायला लावले. त्या नकाशात वाट आली की तोच तिचा पक्का पुरावा, पुन्हा साक्षीदार आणायला नकोत. ती वर्षानुवर्षं कुणी वापरली नाही म्हणूनही हक्क जात नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटा सुमारे 1 लाख 40 हजार मैल भरतात. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली तर पेरणीसाठी पहिल्यांदा माती हलवल्यापासून 14 दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, किमान एक मीटर रुंद. बांधाकडेनं जाणारी वाट दीड मीटर, आणि तिला नांगर लावायचाच नाही. हे वाचून मी अण्णांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि शेतकरी ऐकतो?"

बहुतेक वेळा ऐकतो. सप्टेंबरात एकदा आम्ही ताज्या नांगरटीत सापडलो. नकाशावर वाट सरळ समोर, डोळ्यांपुढे नुसती ढेकळं. चिल्टर्न्सची माती म्हणजे खालच्या खडूच्या दगडावर चिकण मातीचा थर, त्यात चकमकीचे दगड. पावलागणिक बुटाला थर चढत गेला, पलीकडच्या कुंपणाशी पोचलो तेव्हा एकेक बूट विटेएवढा जड झाला होता. नवऱ्यानं चाव्यांनी तळवे खरवडले. तीन आठवड्यांनी पुन्हा तिथे गेलो तर पेरणी झालेली होती आणि शेताच्या मधोमध गाडीच्या चाकांनी दाबून सरळ वाट काढून दिलेली होती. मी तिचा फोटो काढला. त्याची गोष्ट शेवटी सांगते.

गावांबद्दल सांगायचं तर माझी सगळ्यात आवडती फेरी युएल्मची, साधारण सात मैल. युएल्ममध्ये चर्च, गरिबांसाठी बांधलेली घरं आणि शाळा हे तिन्ही एकाला एक लागून उताराच्या अंगानं उभे आहेत. घरांची ती संस्था 1437 ची, तेरा गरीब पुरुषांच्या राहण्यासाठी काढलेली. विटांच्या छोट्या चौकाभोवती खोल्या, मध्ये आपल्या वाड्याला असतं तसं अंगण. तिथे आजही लोक राहतात आणि शाळेत आजही मुलं जातात. हे ज्यांनी उभं केलं त्यांतली अ‍ॅलिस चॉसर, कवी चॉसरची नात, चर्चमध्ये पुरलेली आहे. थडग्यावर तिची शांत झोपलेली मूर्ती आहे, अलाबास्टर नावाच्या मऊ दगडाची. पण खाली जमिनीलगत जाळी आहे, आणि तिच्या आत त्याच बाईचं हाडं निघालेलं, कफनातलं प्रेत कोरलंय. ते बघायला फरशीवर आडवं व्हावं लागतं. मी झाले. जाळीतून फोनचा उजेड टाकला तेव्हा मानेच्या शिरा दिसल्या, ताणलेल्या दोऱ्यांसारख्या. वर येऊन कपडे झटकले तर मागे एक आजोबा आपली पाळी यायची वाट बघत उभे होते.

तिथून चढून गेलं की स्विनकूमचं चर्च लागतं. गाव असं नाहीच, एक मोठं घर आणि चकमकीच्या दगडांचं बुटकं, हजारेक वर्षांचं चर्च. फेब्रुवारीत त्याच्या आवारात स्नोड्रॉप ही पांढरी फुलं इतकी फुललेली असतात की थडग्यांमधून पाय टाकायला जागा राहत नाही. शेजारी बेन्सनचा हवाई तळ असल्यामुळे अधूनमधून हेलिकॉप्टर डोक्यावरून जातं. खेड्यातली शांतता हवी म्हणून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

टर्व्हिल आणि फिंगेस्टची फेरी फोटोंसाठी उत्तम. वर टेकडीवर पवनचक्की, खाली फिंगेस्टच्या नॉर्मन मनोऱ्यावर शेजारी शेजारी ठेवलेली दोन कौलारू छपरं. यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहीत नाही, कारण तिथे सगळेच जातात.

घारींबद्दल मात्र लिहायलाच हवं. इथल्या घारी तांबूस, शेपटी खोल दुभंगलेली. इंग्लंडातून त्या पार नाहीशा झाल्या होत्या. 1989 ते 1994 दरम्यान स्पेनहून पिल्लं आणून याच टेकड्यांत सोडली. आता एका शेतावर सात-आठ फिरताना दिसतात. पोळीचा रोल हातात धरून उघड्यावर बसू नका, एवढंच सांगते.

जूनमध्ये आई आली. वय 66, सलवार-कमीज आणि माझे जुने बूट. तिला घेऊन स्टोक रो गावची छोटी फेरी केली, कारण तिथे काशीनरेशाची विहीर आहे. हो, काशीचीच. या टेकड्यांवर पाऊस पडतो, पण खडूच्या दगडातून पाणी झिरपून थेट खाली जातं, त्यामुळे माथ्यावरच्या गावांना उन्हाळ्यात डबक्यांवर भागवावं लागे. शेजारच्या इप्सडेनचे रीड नावाचे साहेब हिंदुस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी 1831 मध्ये आझमगडला लोकांसाठी विहीर खोदवली होती आणि आपल्या गावाकडच्या पाण्याच्या हालांची गोष्ट काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती. महाराजांनी ती लक्षात ठेवली आणि पैसे धाडले. 1864 मध्ये विहीर खुली झाली. खोली 368 फूट, रुंदी फक्त चार फूट, सगळी हातानं खोदलेली. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल वरच्या क्रॉसपर्यंत मोजलं तरी याहून तीन फूट कमी उंच. वर लोखंडी खांबांवर घुमटी आणि रहाटावर एक सोनेरी हत्ती.

आई कठड्याला धरून वाकली. विहिरीवर झाकण आहे, आत काही दिसत नाही. तरी ती वाकूनच राहिली. मग म्हणाली, "चार फुटांत माणूस बसून खणणार कसा गं? पहार तरी कशी उचलायची?" शेजारी चेरीची बाग आहे, विहिरीच्या खर्चासाठी लावलेली, तिचं नाव ईश्री बाग. ते नाव वाचून आईनं चप्पल काढतात तसे बूट काढायला सुरुवात केली. देऊळ नाही हे तिला समजावून सांगावं लागलं. "पाणी दिलंय ना त्यानं?" म्हणाली, पण बूट घातले.

तिथून परतताना कालवडींचा एक कळप आमच्या मागे लागला. वीसेक असतील, आधी चालत, मग दुडक्या चालीनं. इथले सल्ले मी पाठ केले होते: पळायचं नाही, अंतर ठेवून बाजूनं निघायचं, कुत्रा असेल आणि गाई अंगावर आल्या तर पट्टा सोडून द्यायचा. पाठ केलेलं सगळं विसरून मी कुंपणाकडे निघाले. आई थांबली, वळली, हात पसरून दोनदा "हो, हो" म्हणाली. कळप जागेवर थांबला. एक पुढे आली, तिनं आईच्या बाहीचा वास घेतला. "पोरी आहेत," आई म्हणाली, "बघायला आल्यात." सगळ्यांची आई बरोबर नसते, म्हणून वासरं सोबत असलेल्या गाई दिसल्या तर सरळ दुसरी वाट धरा.

तक्रारीही आहेत. वॉटरप्रूफ म्हणून घेतलेले माझे बूट चौथ्या महिन्यात आतून ओले व्हायला लागले. दुकानानं "तुम्ही मेण लावलं नसेल" असं म्हणून हात झटकले. तेव्हापासून चामड्याचे जाड बूट आणि मोज्यांचा एक जास्तीचा जोड. कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या, स्टाइल म्हणतात त्या, काही ठिकाणी इतक्या उंच आहेत की गुडघे दुखणाऱ्यांनी आधी वाट तपासावी. एकेका माणसाला जाऊ देणारं फिरतं फाटक, म्हणजे किसिंग गेट, असलं तर प्रश्न नाही. जूननंतर अरुंद वाटांवर नेटल नावाचं तण कमरेपर्यंत येतं. लागलं की खाजकुइलीसारखी आग होते, त्यामुळे उन्हाळा असला तरी अर्धी चड्डी नको. कुत्र्याची घाण पिशवीत भरून ती पिशवी फांदीला टांगणारे लोक कोण आहेत ते मला जाणून घ्यायचंय. आणि रविवारची बस: आमच्या तेवीसपैकी दोनच फेऱ्या बसनं जमल्या. गाडी नसेल तर माझ्या या सगळ्या कौतुकातून निम्मं वजा करा.

वेळेचा हिशेब आपला आपणच बसवा. पुस्तकी नियम तासाला तीन मैल आणि दर 2000 फूट चढाला एक तास जास्त असा आहे. तो कोरड्या जमिनीवर लागू पडतो. फेब्रुवारी-मार्चच्या चिखलात आमचा वेग दोन मैलांवर आला, आणि तेवढ्यानं दुपारचं जेवण हुकलं, कारण पबचं स्वयंपाकघर अडीचला बंद झालं होतं. बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत गेलो आणि बटाट्याच्या चिप्सवर भागवलं. शाकाहारी माणसाचं तसंही फारसं नुकसान झालं नाही.

तर तो फोटो. पेरणीनंतरच्या वाटेचा, शेताच्या मधोमध गेलेल्या दोन चाकोऱ्यांचा. आई वाईला परत गेली होती, तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तिनं लगेच विचारलं, "गहूच पेरलाय का गं परत?" मला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी हिरवे कोंब आले तेव्हा पुन्हा गेले, जवळून फोटो काढून पाठवला आणि वाटेवर बूट आडवा ठेवून रुंदीही दाखवली. या वेळी उत्तर आईचं नव्हतं, अण्णांचं होतं.

"मीटर भरतो. मोजणी कुणी केली?"