नवा म्हणून विकलेला गेमिंग पीसी, आत वापरलेले पार्ट: 84,500 रुपये गेले

पीसी असेंबल करून घेणार असाल तर आधी एवढं ऐका: प्रत्येक पार्टचा खोका समोर फोडून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. मी 84,500 मोजले. नवं म्हणून दिलेलं ग्राफिक्स कार्ड मायनिंगमध्ये (कार्ड रात्रंदिवस राबवून क्रिप्टो चलन कमावणं) पिळून काढलेलं निघालं, डेटा साठवायची एसएसडीसुद्धा जुनी.

मुलगा अ‍ॅनिमेशन शिकतो. ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर आणि गेम दोन्ही चालावं म्हणून 12 जीबीचं आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड घेतलं, त्याचेच 27,500. पहिल्या आठवड्यापासून गेम लावला की स्क्रीन जागच्या जागी अडकायची, स्पीकरमधून घर्रर्र आवाज, माउस-कीबोर्ड बंद. पॉवरचं बटण दाबून धरायचं, दुसरा इलाज नाही. दुकानदार म्हणाला, विंडोज बिघडलंय. फॉरमॅटचे 800. मग म्हणाला, "ताई, तुमच्याकडे अर्थिंग नीट नाही, यूपीएस घ्या." त्याचे 4,200. शेवटी म्हणे, मुलगा क्रॅक केलेले गेम खेळत असेल. पैसे साठवून गेम विकत घेणाऱ्या पोराला चोर ठरवून मोकळा!

उलगडा केला मुलाच्या मित्राने. त्याचं कार्ड आमच्या पीसीत लावलं, रात्रभर चाललं. आमचं त्याच्या पीसीत लावलं, तिथेही अडकलं. एवढी साधी तपासणी दुकानाने केली नाही, कारण उत्तर त्यांना माहीत होतं. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्ह तपासायचं सॉफ्टवेअर टाकून एसएसडी पाहिली: 11,460 तास वापर. अख्ख्या वर्षाचे तास 8,760 होतात, आणि आमची मशीन तर कालपरवाची! कार्डचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, तर वॉरंटी आमच्या खरेदीच्या आधीच संपलेली. दुसऱ्या तंत्रज्ञाने कार्ड उघडून दाखवलं: उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पॅडमधून तेल पाझरलेलं, स्क्रूची डोकी घासलेली. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग थांबलं आणि अशी कार्डं बाजारात ढिगाने आली, हे मला आत्ता समजतंय. विकणाऱ्याला तेव्हाच ठाऊक होतं.

तो एक क्षण डोक्यातून जात नाही. पीसी ताब्यात घ्यायला गेले तेव्हा सगळं आधीच कॅबिनेटमध्ये बसवलेलं होतं. "खोके कुठे आहेत?" मी विचारलं. विचारलं होतं मी! तर म्हणाला, "घरात कशाला अडगळ? वॉरंटीला लागतील, आमच्याकडेच राहू द्या." तिथेच उठायला हवं होतं. पक्कं बिल मागितलं तर वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 15,210. हातात ठेवला एस्टिमेटचा कागद. 50,000 यूपीआयने, तेही भावाच्या नावावरच्या खात्यात, 34,500 रोख. करासकट भाव आधी सांगणं त्याचं काम होतं, आयत्या वेळी 15,210 आणायचे कुठून? आणि मी बँकेत नोकरी करते, आकडे मला कळतात. काचेतून दिसणारं कार्ड नवं की जुनं हे गिऱ्हाइकाने कसं ओळखायचं?

पोलीस चौकीत गेले तर "हे दिवाणी प्रकरण, आमच्याकडे नाही." सायबरवाले म्हणाले, तुम्ही दुकानात जाऊन घेतलंत, हे ऑनलाइन नाही. ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तर तक्रारीचा नंबर मिळाला आणि नंतर मेसेज, की पक्कं बिल नसल्याने तक्रार बंद. पक्कं बिल! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. त्याने बिल दिलं नाही म्हणून तो सुटणार, आणि बिल नाही म्हणून मलाच हाकलणार? प्रत्येक खिडकीवर मलाच विचारतात, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या ना?" त्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. यूपीआयची नोंद जपा. खोक्यावरचा आणि पार्टवरचा सिरियल नंबर जुळवून दोन्हींचे फोटो काढा, एसएसडीचे तास दुकानातच बघा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. हे मला एकाही खिडकीवर कोणी सांगितलं नाही.

मी आयोगात तक्रार दाखल केली आहे. नोटीस जाताच दुकानदाराचा फोन आला: "ताई, 10,000 घ्या आणि मिटवा." मी नाही म्हणून सांगितलं. मला 84,500 परत हवेत, आणि त्या फॉरमॅटचे 800 आणि यूपीएसचे 4,200 सुद्धा.