तळ्याकाठची वाट: पांढरा दिवा, पिवळसर दिवा की ठरलेल्या वेळी अंधार?

पाण्याकाठच्या पायवाटेला दिवे लावायचे ठरले की बोलणं वॅट आणि खर्चापाशीच संपतं. तुमच्या काठावर पक्षी घरटी करत असतील, तर आधी टिटवीचा विचार करा. तिचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा उथळ खळगा आणि त्यात बहुधा चार ठिपकेदार अंडी. खड्यांत ती अशी मिसळून जातात की पाय पडायची वेळ आली तरी दिसत नाहीत. जवळजवळ चार आठवडे ती उबवायची असतात. रात्री तिला आडोसा असतो तो फक्त अंधाराचा.

४००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळसर) पांढरा एलईडी कमी विजेत लख्ख उजेड देतो, समोरचा माणूस नीट ओळखू येतो. पण त्यात निळा प्रकाश भरपूर असतो. रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन त्यानेच सर्वांत जास्त दबतं. पाण्यातून बाहेर पडणारे किडेही अशा दिव्याकडे जास्त ओढले जातात, आणि पिल्लांचा चारा दिव्याखाली मरून पडतो. उजेड फार लागतो असंही नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका प्रयोगात, रात्री जेमतेम ०.३ लक्स उजेडात ठेवलेले ब्लॅकबर्ड नर सुमारे महिनाभर आधीच विणीला तयार झाले. ०.३ लक्स म्हणजे फार तर भर पौर्णिमेचं चांदणं!

२२०० केल्विनचा पिवळसर दिवा या दोन्ही बाबतींत बराच बरा. मात्र त्याच्या उजेडातही अंड्यांवर बसलेली टिटवी मांजराला लांबून दिसणारच. नेदरलँड्समध्ये रस्त्यावरच्या दिव्यांपासून सुमारे ३०० मीटरपर्यंत ब्लॅक-टेल्ड गॉडविट या जमिनीवरच घरटं करणाऱ्या पक्ष्याची घरटी विरळ झालेली आढळली. नुसता रंग बदलून समाधान मानू नका, असंच मी म्हणेन.

सेन्सरचे दिवे एरवी चांगले, पण घरट्यालगत मला ते पटत नाहीत. कुत्रं गेलं तरी भक्कन उजेड पडतो आणि पक्षी दचकतो.

माझी निवड अशी: गुडघ्याएवढे बुटके, पाण्याकडची बाजू पूर्ण झाकलेले पिवळसर दिवे, आणि विणीच्या महिन्यांत वर्दळ थांबली की ते बंद. रात्रभर ये-जा असेल, तर वाटच काठापासून आत घ्या. दिवे बसवल्यावर रात्री घरट्यांच्या बाजूला, पण घरट्यांपासून लांब, उकिडवे बसून पाहा. दिव्याचा बल्ब थेट डोळ्यांत येत असेल, तर झाकण अजून खाली घ्यावं लागेल.