वेलिगामा: घरातल्या सगळ्यांनी एकत्र सर्फिंग शिकायचं तर

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर देखण्या चौपाट्यांना तोटा नाही, आणि नुसत्या देखणेपणात वेलिगामाचा नंबर बराच खाली लागेल. गॉल–मातरा हमरस्ता वाळूला खेटून जातो, बसचे हॉर्न दिवसभर ऐकू येतात, आणि हंगामात सकाळी आठ वाजता पाण्यात जत्रा भरलेली असते. तरीही आई-बाबा, आठ वर्षांची मुलगी आणि कॉलेजात जाणारा मुलगा या सगळ्यांना एकाच पाण्यात, एकाच वेळी सर्फिंग शिकायचं असेल, तर या किनाऱ्यावर आम्ही दुसरं नाव सुचवणार नाही.

याचं कारण इथला तळ. उपसागर रुंद आहे, दक्षिणेकडे उघडा आहे, आणि खाली वाळू आहे. उतार इतका हळू की बरंच आत गेलं तरी पाणी कमरेएवढंच लागतं. लाट लांबूनच फुटायला लागते आणि किनाऱ्याला येईपर्यंत तिचा जोर निघून गेलेला असतो. भरती-ओहोटीतला फरक एक मीटरही नसतो, त्यामुळे धड्याची वेळ भरतीच्या तक्त्यावर अडत नाही. पश्चिमेला थोड्याच अंतरावर मिडिगामा आहे. तिथल्या लाटा जास्त सुबक असतात, पण त्या खडकाळ प्रवाळावर फुटतात आणि खाली काटेरी समुद्री साळू असतात. पहिल्या आठवड्यात तिकडे जायचा आग्रह कुणी केला तर सरळ नाही म्हणा.

हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. या महिन्यांत पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे हलकेच वाहतो आणि पाणी गुळगुळीत राहतं. दहा-अकराच्या सुमारास वारा उलटतो, समुद्राकडून येतो आणि लाटा विस्कटतात. म्हणून धडा साडेसहा-सातचाच घ्यावा. ‘मुलं झोपेतून उठली की बघू’ म्हणणाऱ्यांच्या वाट्याला दुपारचं खवळलेलं पाणी येतं. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीचं गणित मात्र इथे जमत नाही. तेव्हा नैर्ऋत्य मोसमी वारे चढत असतात, लाटा मोठ्या आणि अनियमित होतात, पावसाने पाणी गढूळ होतं. सर्फ शाळा तेव्हाही सुरू असतात आणि ‘काही प्रॉब्लेम नाही’ असंही सांगतात. मोठ्यांनी हवं तर जावं, मुलांना नेऊ नये. मेच्या सुट्टीतच जाणं भाग असेल तर पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेचा हंगाम तेव्हा सुरू होत असतो. तिथे बेबी पॉइंट नावाची नवशिक्यांची जागा आहे, पण प्रवास बराच लांबचा पडतो.

आता मुख्य सेवा, म्हणजे धडा. वाळूवर ओळीने सर्फ शाळा आहेत आणि दर बोलून ठरतो. दर विचारण्याआधी विचारायचं ते हे: पाण्यात किती जणांमागे एक शिक्षक? मोठ्यांसाठी दोघांमागे एक चालतो, दहा वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र शिक्षक हवाच. चौघांमागे एक असेल तर तासाभरातला बहुतेक वेळ आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात जातो. बोर्ड आणि रॅश गार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा सदरा, दरात धरले आहेत का, धड्यानंतर बोर्ड अर्धा तास वापरू देतात का, फोटो-व्हिडिओचे वेगळे पैसे किती, हे आधीच बोलून घ्यावं. श्रीलंकन रुपयांत रोख जवळ ठेवलेली बरी.

पहिली पंधरा-वीस मिनिटं वाळूवर जातात, आणि शिक्षक चांगला की कामचलाऊ हे तिथेच कळतं. मोठा माणूस बोर्डवर पालथा झोपला की पायाची बोटं शेपटाशी आली पाहिजेत. लहान मुलाला हा हिशेब लागू नाही. त्याच्या बाबतीत पाण्यात गेल्यावर बोर्डचं नाक, म्हणजे पुढचं टोक, चार-पाच बोटं वर दिसतंय ना, एवढं पाहायचं. शरीर पुढे सरकलेलं असेल तर लाट मागून उचलते तेव्हा नाक पाण्यात घुसतं आणि माणूस पुढे फेकला जातो. मागे सरकलेलं असेल तर बोर्ड पाणीच ढकलत बसतो आणि लाट खालून निघून जाते. तळवे खालच्या बरगड्यांशेजारी, बोर्डवर सपाट. कडा धरून उठायला गेलं की बोर्ड कलंडतो. हातांवर जोर देऊन छाती वर, पुढचं पाऊल दोन हातांच्या मधे, गुडघे वाकलेले, आणि नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या माडावर. नजर पायांकडे वळली की तोल गेलाच.

मुलं पहिल्यांदा गुडघ्यांवर उठतात. फोटोत ते छान दिसतं म्हणून काही शिक्षक तेच चालू देतात, आणि मग ती सवय मोडायला पुढचे दोन धडे जातात. चांगला शिक्षक मुलाला पुन्हा वाळूवर नेऊन उठायचा सराव करून घेतो. तसाच दुसरा प्रकार ढकलण्याचा. फेसाळ पाण्यात शिक्षक मागून बोर्ड ढकलतो, म्हणून पहिल्याच दिवशी बरेच जण उभे राहतात आणि खूश होतात. पण पाच दिवस ढकलूनच घेतलं तर लाट ओळखणं आणि हातांनी वल्हवून तिचा वेग गाठणं येतच नाही. तिसऱ्या दिवसापासून ‘आता ढकलू नका, फक्त कधी वल्हवायचं ते सांगा’ असं स्पष्ट सांगावं. खूप कमी लाटा मिळतील, पण त्या तुमच्या असतील.

नुसता बोर्ड भाड्याने घेताना मोठ्यांनी नऊ फुटी, मुलांनी सात-आठ फुटी मऊ फोमचाच घ्यावा. हाताने उचलून पाहा: त्याच मापाच्या शेजारच्या बोर्डपेक्षा जड लागला तर आत पाणी शिरलंय. नाकाजवळची शिवण उकललेली आहे का, बोर्डखालचे तिन्ही फिन, म्हणजे पर, घट्ट आहेत का, लीशच्या (बोर्ड पायाला बांधायच्या दोरीच्या) वेल्क्रोत वाळू साचून पकड सैल झालीय का, हे बघा. मग बोर्डचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. परत देताना जुन्या ओरखड्याचे पैसे मागण्याचे प्रकार घडतात, आणि फोटो दाखवला की विषय तिथेच मिटतो. लीश मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची, दोरी मागच्या बाजूला. ती हाताला गुंडाळून पाण्यात शिरणं धोक्याचं: लाटेचा हिसका बसला तर बोटं मोडू शकतात.

इथला खरा धोका दुसऱ्यांच्या बोर्डांचा. गर्दीत सगळेच नवशिके, कुणालाच वळता येत नाही. पाण्यातून आत चालताना बोर्ड आपल्या शेजारी, नाक लाटेकडे करून धरायचा. तो कधीही लाट आणि आपण यांच्यामधे आडवा नको, नाहीतर लाट तो थेट तोंडावर आणते. पडायचं ते सपाट, पाठीवर किंवा कुशीवर. सूर मारायचा नाही, कारण खाली वाळू जवळ आहे. वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती. मुलांकडून हे वाळूवरच पाच-सहा वेळा करून घ्या. गर्दी फारच असेल तर किनाऱ्याने दोनशे-तीनशे मीटर चालत गेलं तरी पाणी बरंच मोकळं मिळतं.

सनस्क्रीन सगळे चेहऱ्याला लावतात आणि भाजतात मात्र पोटऱ्या आणि गुडघ्यांची मागची बाजू, कारण तास-दीड तास पालथं झोपून त्यावरच ऊन पडतं. पाणी कोमट असतं, वेटसूट लागत नाही. पण लांब बाह्यांचा रॅश गार्ड नसेल तर फोमवर घासून पोट सोलवटतं आणि दुसऱ्या दिवशी मूल बोर्डवर झोपायलाच तयार होत नाही.

राहण्याची जागा निवडताना नकाशा नीट पाहा. ‘बीचपासून एक मिनिट’ म्हणजे बहुतेक वेळा हमरस्त्याच्या पलीकडे, आणि त्या रस्त्यावरून बस सुसाट जातात. मुलं लहान असतील तर रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूलाच जागा घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. शांत झोप हवी असेल तर आतल्या गल्ल्या बऱ्या, मात्र रस्ता ओलांडताना हात धरायचाच.

पोहायला येणाऱ्या चिमुरड्यांसाठी वेलिगामा तितकं सोयीचं नाही. त्यांना मातऱ्याच्या पोल्हेनाला न्या. तिथे प्रवाळाच्या आड पाणी तळ्यासारखं शांत असतं, फक्त प्रवाळावर पाय देऊ देऊ नका. मिरिसाहून सकाळी व्हेल पाहायच्या बोटी निघतात. निळा व्हेल दिसण्याची शक्यता खरी आहे, पण बोट तासन्‌तास हलते. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी, आणि तो दिवस सर्फिंगचा ठेवू नये. गॉलच्या किल्ल्याला अर्धा दिवस द्या; 1988 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. उपसागरातलं तापरोबेन बेट वाळूवरूनच बघायचं, तो खाजगी बंगला आहे.

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करावा: उम्बलकड, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. तो पोल सांबोल नावाच्या नारळाच्या चटणीत हमखास असतो आणि भाज्यांच्या रश्शातही घालतात. ‘व्हेज’ म्हटल्यावरही तो येऊ शकतो, कारण अनेक स्वयंपाकघरांत तो मसाल्यातच मोजला जातो. न्याहारीला आप्पा, म्हणजे वाटीच्या आकाराचं पातळ घावन, आणि परिप्पू, म्हणजे नारळाच्या दुधातलं वरण, हा भरवशाचा बेत. मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर कितुल ताडाची काकवी मुलांना आवडतेच. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, दारूविक्री बंद असते आणि बँकाही. पैसे आदल्या दिवशी काढून ठेवा.

कोलंबोच्या विमानतळावरून मोटारीने दक्षिण द्रुतगती मार्गाने कोकमाडुवाला उतरलं की तीनेक तासांत पोहोचता येतं. सामान कमी असेल तर कोलंबो फोर्टहून मातऱ्याकडे जाणारी रेल्वेगाडी पकडा, आणि जाताना समुद्राकडची, म्हणजे उजव्या हाताची खिडकी धरा.