पीए व्हावं की नर्स?
गोव्यात ‘पीए’ म्हटलं की आधी मंत्र्याचा पीए डोळ्यांसमोर येतो. भाची म्हणाली, ‘मावशी, मला पीए व्हायचंय’, तर आजीने लगेच विचारलं, ‘कुठल्या मंत्र्याची गं?’ तिला म्हणायचं होतं फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली काम करणारा सहायक. दुसरा पर्याय बी.एस्सी. नर्सिंगचा, म्हणजे माझ्या वाटेचा. तेव्हा मी थोडी पक्षपाती आहे, हे धरूनच वाचा.

दोन्हींना बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं आणि दोन्ही कोर्स चार वर्षांचे. पीएचं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. नर्सिंग गोव्यातच, बांबोळीला, घरून जाऊन-येऊन होतं. पीएसाठी भाचीची नजर मणिपालवर, म्हणजे हॉस्टेल आलं, फी आली.

खरा फरक कामात. नर्स वॉर्डाची असते, पीए डॉक्टरचा. औषधाची वेळ, सलाईन, लघवीचं माप, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलणं, नातेवाइकांचे तेच ते प्रश्न, हे सगळं नर्सचं. पीए राउंडच्या आधी येऊन हिस्ट्री घेतो, पेशंट तपासतो, रिपोर्ट लावून ठेवतो आणि नंतर डिस्चार्ज समरी लिहितो. हृदयाच्या ऑपरेशनला तर त्याचा हात थेट कामाला लागतो. बायपासला सर्जन छातीकडे गुंतलेला असताना हृदयाला जोडायची पायातली शीर पुष्कळदा पीएच काढतो. भारतात हा कोर्स आला तोही हृदयशस्त्रक्रियेच्याच दारातून, १९९२ साली, चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्यामुळे. अमेरिकेत त्याआधी १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठाने नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सहायकांना घेऊन तो सुरू केला होता.

पण एक रात्र सांगते. एका खासगी हॉस्पिटलात बायपासच्या पेशंटचं रक्तातलं पोटॅशियम २.९ वर आलं, म्हणजे काळजी वाटावी इतकं कमी. ड्यूटीवरच्या पीएला काय द्यायचं ते नेमकं ठाऊक होतं, त्याने कागदावर लिहिलंही. मी ड्रिप तयार केली, पण लावली नाही. डॉक्टर फोनवर सापडेपर्यंत आम्ही दोघं मॉनिटरकडे बघत उभे. आपल्याकडे पीएला स्वतःच्या सहीने औषध लिहून देता येत नाही. मलाही येत नाही म्हणा, पण माझ्याकडून तशी अपेक्षाही कोणी करत नाही.

नोंदणीचं म्हणाल तर नर्सला गोवा नर्सिंग कौन्सिल आहे. पीएचा पेशा २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आला खरा, पण ती घडी अजून बसायची आहे. सरकारी जाहिरातीत ‘स्टाफ नर्स’ हे पद नेहमीचं. पीएचं काम मुख्यतः खासगीत.

आणि गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला जायचा विषय निघतोच, जरी ब्रेक्झिटनंतर ती सोय उरलेली नाही. इंग्लंडला नर्सने परीक्षा दिल्या की वाट मळलेली. पीएला मात्र तिथला पदवीनंतरचा दोन वर्षांचा कोर्स लागतो. वर निदान न झालेले पेशंट पीएंनी सरसकट पाहू नयेत, असं तिथल्या सरकारसाठी केलेल्या २०२५ च्या लेंग अहवालाने सुचवलं आहे.

भाचीला मी एवढंच विचारलं, ‘रात्री तीनला कुणी बेडपॅन मागितलं तर?’

‘ते चालेल गं. तासभर समरी लिहीत बसणं नाही जमायचं.’

मग आम्ही नर्सिंगचा फॉर्म उघडला.