‘डबल ड्रॅगन टू’ची कॅसेट आणि माझे ८,९०० रुपये

जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी ऑनलाइन विकत घेणाऱ्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं अशी विनंती आहे. माझे ८,९०० रुपये गेले. पण पैशांपेक्षा, मला फसवणारा माणूस माझ्यापर्यंत कुठल्या वाटेने आला हे मला जास्त लागलंय. ती वाट माझीच होती.

मी सांगलीत एका पतसंस्थेत काउंटरवर काम करते. ओटीपी कुणाला सांगू नका, पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी दिवसातून दहा वेळा लोकांना सांगते. त्यामुळे ‘एवढं साधं माहीत नव्हतं का?’ असं कुणाच्या मनात येत असेल, तर सांगते, माहीत होतं.

आम्ही मूळचे मिरजेचे. १९९५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. मी तेरा वर्षांची, धाकटा दहा. त्या काळी घरोघरी जे डबे आले ते जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल होते. मूळ फॅमिकॉम तिकडे १९८३ साली आला होता. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होता तो दुकानात दिवसाला पाच रुपये भाड्याने मिळणारा पिवळ्या कॅसेटीचा ढीग. ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट आणली की मोजून दहा-पंधरा गेम निघायचे आणि पुढे तेच तेच परत यायचे. त्या ढिगात एक ‘डबल ड्रॅगन टू’ होती. ती आम्ही इतक्यांदा आणली की शेवटी दुकानदार काका वहीत नाव लिहायचेसुद्धा नाहीत.

ज्यांनी खेळली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच उभी आहे. बिली आणि जिमी हे दोघे भाऊ, एक निळ्या कपड्यात, एक लाल. रस्त्यावरच्या टोळीशी हाणामारी करत पुढे जायचं. यात दोघांना एकाच वेळी, एकाच पडद्यावर, खांद्याला खांदा लावून खेळता येतं. मी निळी, धाकटा लाल, हे ठरलेलं. बटणांचीही एक गंमत होती. एक बटण डावीकडे मारायचं, दुसरं उजवीकडे. तोंड समोर असलं तरी पाठीमागून येणाऱ्याला लाथ बसायची. उडी मारून वर गेल्यावर दोन्ही बटणं एकदम दाबली की माणूस भिंगरीसारखा फिरायचा. ही भिंगरी धाकट्याला जमायची, मला कधी धड जमली नाही.

आणि ती हेलिकॉप्टरची स्टेज. आतमध्ये मारामारी चालू असताना मधूनच दार उघडतं आणि दाराजवळ जो असेल तो बाहेर खेचला जातो. धाकटा प्रत्येक वेळी ओरडायचा, ‘ताई, आत ये, आत ये!’ आजही लोकल गाडीच्या दारात मी उभी असले की तो तेच म्हणतो.

यंदा त्याला चाळीस पूर्ण होणार होती. दोन वर्षांपूर्वी त्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून तसाच एक डबा घेतला, दुरुस्त केला, चालू केला. बाकी कॅसेटी मिळाल्या, पण ही काही मिळाली नाही. म्हणून मी ठरवलं की वाढदिवसाला हीच द्यायची, आणि मिळालीच तर जपानची मूळ कॅसेट द्यायची. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ॲपवर मी ‘हवी आहे’ म्हणून जाहिरात टाकली.

चूक तिथे झाली. कॅसेट हवी आहे, एवढं लिहून थांबायला हवं होतं. मी भलीमोठी गोष्ट लिहिली. धाकट्याचा चाळिसावा वाढदिवस, त्याची तारीख, निळा आणि लाल, हेलिकॉप्टरचं दार, ‘ताई, आत ये’. लिहिताना छान वाटत होतं. लोकांनी त्यावर बदामही दिले.

दुसऱ्या दिवशी एकाचा मेसेज आला. मराठीतच. ‘ताई, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी पण माझ्या मोठ्या भावाबरोबर हीच खेळायचो.’ त्याच्याकडे मूळ कॅसेट होती म्हणे, मामांनी जपानहून आणलेली. विकायची नव्हती, पण ‘भावासाठी म्हणताय म्हणून’ देईन. किंमत ४,२०० रुपये आणि कुरिअरचे २५०.

आता मागे वळून त्याचे मेसेज वाचते तेव्हा दिसतं की त्याने स्वतःचं असं एकही वाक्य लिहिलं नव्हतं. मी जे लिहिलं होतं तेच थोडं फिरवून मला परत दिलं. मी हेलिकॉप्टरचं लिहिलं, त्याने मागितल्याशिवाय हेलिकॉप्टरच्या स्टेजचा व्हिडिओ पाठवला. निळा आणि लाल दोघे एकत्र लढताहेत, दार उघडतंय. चाळीस सेकंदांचा असेल. मी तो पाच वेळा पाहिला. त्यात ना डबा दिसत होता, ना कॅसेट आत घालणारा हात. फक्त टीव्हीचा पडदा. असा व्हिडिओ कुणीही कुठूनही उचलू शकतो, पण त्या क्षणी मी पडद्यावरच्या दाराकडे बघत होते.

मी कॅसेटच्या शेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून फोटो मागितला, एवढं भान होतं मला. तो म्हणाला, ‘कॅसेट गावच्या घरी आहे, भाऊ आज पॅक करून देतोय.’ आणि लगेच, ‘ताई, दादांचा वाढदिवस १४ ला ना? आज नाही निघाली तर पोचणार नाही.’ घाईचं कारणही मीच त्याच्या हातात दिलं होतं. ॲपवरून पैसे दिले तर चार दिवस अडकतात म्हणून थेट यूपीआयने मागितले. ॲपवर वस्तू बघून मग पैसे सुटायची सोय होती, ती मी स्वतःच्या हाताने सोडली. ४,४५० रुपये गेले.

पार्सल मात्र आलं, तेही वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. म्हणून संशय आलाच नाही. वरचं लेबल चकचकीत, त्यावर दोन भाऊ, इंग्रजीत नाव आणि पुढे रोमन दोनचा आकडा. १४ ला संध्याकाळी जेवणं झाल्यावर धाकट्याने डबा लावला, पांढरी-पिवळी वायर टीव्हीला जोडली. कॅसेट घालण्याआधी त्याने तिच्या तोंडावर फुंकर मारली, तशीच, जशी तेव्हा मारायचा. त्याची मुलगी बघत होती.

पडद्यावर नाव आलं. पुढे दोनचा आकडा नव्हता. दोन खेळाडू निवडले, तर एकटा निळा उभा राहिला. धाकटा दुसऱ्या रिमोटची बटणं दाबत राहिला, वायर काढून पुन्हा घातली. ‘ताई, दुसरा रिमोट गेला वाटतं.’ रिमोट ठीक होता. आत पहिला ‘डबल ड्रॅगन’ होता. फॅमिकॉमवर १९८८ साली आलेल्या त्या पहिल्या भागात दोघांना मिळून पुढे जाता येतच नाही. एकाने मरायचं, मग दुसऱ्याने खेळायचं. दुसरा पर्याय आहे तो दोघांनी एकमेकांशी लढायचा. त्यातून या भागाच्या शेवटी जो मोठा बॉस येतो तो जिमीच असतो, म्हणजे सख्खा भाऊ. दोघांनी जोडीने खेळायची सोय या डब्यावर दुसऱ्या भागात, १९८९ च्या डिसेंबरात आली. आम्हाला हवा होता तो नेमका दुसरा भाग.

धाकटा काही बोलला नाही. ‘असू दे गं, हीपण मस्त आहे,’ म्हणाला आणि अर्धा तास एकटाच खेळला. मी शेजारी रिमोट हातात धरून बसले.

नंतर आम्ही ती उघडली. फॅमिकॉमच्या बहुतेक कॅसेटींना स्क्रू नसतात, कडेने हलकेच उचकली की दोन भाग सुटतात. आत अंगठ्याएवढी पट्टी, जेमतेम खालची पाव जागा व्यापणारी, आणि तिच्या मधोमध डांबराचा थेंब पडावा तसा काळा गोळा. मूळ कॅसेटीत पायवाल्या चौकोनी काळ्या चिप्स असतात, आणि निन्टेंडोच्या बोर्डवर इंग्रजीत ‘एचव्हीसी’ ही अक्षरं छापलेली असतात. इथे काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्या लहानपणच्या भाड्याच्या कॅसेटीतही असाच काळा गोळा असणार, ती काही मूळ नव्हती. पण लेबलवर जो गेम लिहिला होता तो तिच्यात होता. मी नकलेला नाव ठेवत नाही. नक्कल म्हणून तीनशे-चारशेला विकली असती तर मी आनंदाने घेतली असती.

म्हणून घेणाऱ्यांनी एवढं तरी मागाच. एकच सलग व्हिडिओ, मध्ये कुठेही न तोडलेला. त्यात आधी तुमचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी, मग हातातली कॅसेट, ती डब्यात घालणं, बटण चालू करणं, पडद्यावरचं पूर्ण नाव, आणि दोन खेळाडूंनी खेळ सुरू करणं. मूळ म्हणून पैसे मागत असेल तर आतल्या बोर्डचा फोटो. खरा विक्रेता कुरकुरेल, पण देईल. आणि हो, अमेरिकन कॅसेट आणि जपानी कॅसेट वेगळ्या असतात. अमेरिकनला ७२ पिना, जपानी आणि आपल्याकडच्या डब्यांना ६०. चुकून करड्या रंगाची रुंद अमेरिकन घेतलीत तर ती आपल्या डब्यात जाणारच नाही.

आता दुसरा भाग, जो सांगायला मला जड जातंय.

मी त्याला मेसेज केला. मला वाटलं होतं ब्लॉक करेल, पण नाही. उलट लगेच फोन आला. आवाज तरुण, अतिशय नम्र. ‘ताई, दादांचा वाढदिवस माझ्यामुळे खराब झाला, मला झोप नाही लागणार. भावाने चुकीची कॅसेट टाकली. पूर्ण पैसे आत्ता परत करतो.’ त्याने क्यूआर कोड पाठवला, ४,४५० रुपयांचा. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती, समोर डबा उघडा होता. तो फोनवर बोलतच होता. दादांना माझ्याकडून शुभेच्छा द्या, मुलगी कितवीला आहे, असं. मी स्कॅन केलं, पिन टाकला. पैसे गेले.

पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. कोड स्कॅन करून पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार, दुसरा अर्थच नाही. त्याच दिवशी सकाळी एका आजोबांना मी हे काउंटरवर समजावून सांगितलं होतं. पण त्या पाच मिनिटांत मी क्लार्क नव्हते, धाकट्याची ताई होते, आणि त्याने मला पहिल्या मेसेजपासून तिथेच धरून ठेवलं होतं.

‘ताई, एंट्री उलटी पडली, आता दोन्ही मिळून टाकतो,’ म्हणत त्याने ८,९०० चा दुसरा कोड पाठवला. तिथे माझा हात थांबला. फोन ठेवला आणि वीस मिनिटांच्या आत १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठी हा देशभराचा नंबर आहे. तिथल्या बाईंनी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, बँक विचारून तक्रार नोंदवली, नंतर सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर उरलेली माहिती भरली. त्याच्या खात्यात ३,१०० रुपये शिल्लक होते तेवढे गोठवले गेले. ते अजून माझ्या हातात आलेले नाहीत. कॅसेटचे ४,४५० मात्र तेव्हाच लांब गेले होते, कारण मी पाच दिवस उशीर केला. लाज वाटून दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका. जितक्या मिनिटांत फोन कराल तितके पैसे त्या खात्यात सापडायची शक्यता.

हे लिहायचं मी टाळत होते. गेल्या रविवारी धाकट्याने मला एक जाहिरात पाठवली. दुसरं ॲप, विक्रेत्याचं दुसरं नाव. ‘डबल ड्रॅगन टू, मूळ जपानी, भावनिक कारणामुळे विकत आहे.’ फोटो तोच, चकचकीत लेबलचा. खाली चार ओळी होत्या: मी निळी, धाकटा लाल, हेलिकॉप्टरचं दार उघडलं की तो ओरडायचा, ‘ताई, आत ये, आत ये.’ शब्द न् शब्द माझे. त्याने ‘निळी’चं ‘निळा’सुद्धा केलं नव्हतं. मी त्या ॲपवर तक्रार केली, जाहिरात दोन दिवसांनी निघाली. उद्या तिसऱ्या नावाने कुठे दिसली आणि त्यात हे दार असलं, तर ते आमच्या मिरजेच्या घरातलं आहे. त्या माणसाला पैसे देऊ नका.