आय350-टी2 नेटवर्क कार्ड: लिनक्स सर्व्हरवर काही महिने वापरल्यावर

आमच्या ऑफिसचा फाइल सर्व्हर म्हणजे साधं डेस्कटॉप मशीन, त्यावर डेबियन 12, आणि मदरबोर्डवरचं नेटवर्क पोर्ट लोड आला की मान टाकायचं. जीएसटी रिटर्नच्या गडबडीत सगळे एकदम फाइली उघडायचे आणि साम्बा (नेटवर्कवरून फाइली देणारा प्रोग्राम) लटकायचा, पिंग पण जात नाही, पोर्टचा दिवा मात्र लुकलुकतोय. रिस्टार्ट केलं की परत चालू.

सगळे सांगत होते केबल बदला, स्विच बदला. पण केबल खराब असली की ते इथटूलमध्ये (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) दिसतं, सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) वाढत जातात, किंवा 1000 मेगाबिटचा लिंक 100 वर येतो कारण गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या धड लागतात. इथे तसं काहीच नव्हतं. मग जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडने मागच्या बूटचा कर्नल लॉग काढला तर तिथे स्पष्ट होतं, नेटडेव्ह वॉचडॉग, ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट. म्हणजे कर्नलने पॅकेट कार्डाकडे दिलं आणि कार्डाने ते बाहेर सोडलंच नाही. बूटला पीसीआयई-एएसपीएम ऑफ (म्हणजे स्लॉटची वीजबचत बंद) टाकलं, फरक पडला, पण त्रास पूर्ण गेला नाही.

शेवटी इंटेलचं आय350-टी2 हे दोन पोर्टचं कार्ड घेतलं, जुन्या सर्व्हरमधून काढलेलं. त्याचा आयजीबी ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, वेगळं काही टाकावं लागलं नाही. तेव्हापासून वॉचडॉगची ती ओळ लॉगमध्ये एकदाही आली नाही, आयपर्फ3 (स्पीड मोजायचं टूल) वर 940 मेगाबिटच्या आसपास स्पीड मिळतो आणि तो तासन्‌तास तसाच राहतो, मला तर हेच हवं होतं, रात्रीचा बॅकअप सकाळी पूर्ण झालेला असतो!

बसवताना एक लक्षात ठेवा, नवीन कार्ड घातलं की पीसीआय बसचे नंबर सरकू शकतात आणि मग आधीच्या पोर्टचं पण नाव बदलतं, ईएनपी3 चं ईएनपी4 होतं, आणि कॉन्फिगमध्ये जुनं नाव असल्यामुळे आयपीच लागत नाही. त्यामुळे त्या दिवशी एसएसएचवर (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन) विसंबू नका, मॉनिटर-कीबोर्ड जोडूनच बसा.

घेताना विक्रेता नीट बघून घ्या, या कार्डाच्या नकली कॉप्या बाजारात भरपूर आहेत. आणि हे एक गिगाबिटचंच आहे, 2.5 पाहिजे असेल तर दुसरं बघावं लागेल. आमचा स्विच गिगाबिटच आहे त्यामुळे काही अडत नाही, दुसरं पोर्ट सरळ बॅकअपच्या नॅसला (नेटवर्कवरचं स्टोरेज) जोडून टाकलंय.