सिलिकॉन जेल: व्रण सपाट झाला, रंगाचं काय?

फेसलिफ्टनंतर, म्हणजे चेहऱ्याची सैल त्वचा ताणून घेण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, माझ्या कानापुढे दुरंगी व्रण राहिला. वरचा भाग गुलाबी, जबड्याकडचा तपकिरी. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनी हे जेल दिलं: सकाळ-संध्याकाळ, निदान 2 ते 3 महिने.

मुगाएवढं पुरतं. पातळ थर पटकन वाळतो, वास नाही, त्वचा किंचित ताणल्यासारखी वाटते. जाड लावून वर मेकअप केला, की खोडरबराच्या कचऱ्यासारखे बारीक गोळे निघतात! पण उंचवटा बसला आणि खाजही गेली, हे मान्य करायलाच हवं.

रंगाच्या बाबतीत मात्र खोक्यावरच्या दाव्यांवर जाऊ नका. सिलिकॉन व्रणातला ओलावा टिकवतं, रंगद्रव्यावर थेट काम करत नाही. गुलाबी छटा रक्तवाहिन्यांमुळे असते. ती बहुतेकदा वर्षभरात आपसूक फिकी पडते, नाही पडली तर त्या रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्या पल्स्ड डाय लेझरचा पर्याय आहे. तपकिरी छटा मेलॅनिन या त्वचेतल्या रंगद्रव्याची, आणि ऊन लागलं की ती गडद होते. तिथे मला गुण आला तो आयर्न ऑक्साइड असलेल्या टिंटेड सनस्क्रीनचा, एसपीएफ 50 वालं. ते दृश्य प्रकाशही बऱ्यापैकी अडवतं, शिवाय डाग झाकतं. हायड्रोक्विनोन हे डाग उजळवणारं औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, मैत्रीण कितीही गुण गावो.

उंचवट्यासाठी पाचपैकी चार तारे, रंगासाठी दोन. आणि ट्यूबचं टोपण अगदीच भिकार, पर्समध्ये सगळं बरबटतं.